टेकूशिवाय टाळू

सोम. ३ नोव्हें.
बाबाने टाळू काढून डबीत ठेवली. पुन्हा घालायला तयार नाही. टॉर्च मारून बघितलं, आत दोन ठिकाणी सोललंय. जूनच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात वरचा अर्धा जबडा गेला. ते भोक बुजवायला ही रेझिनची टाळू. डिझाइन माझंच, छापली आमच्याच दातांच्या लॅबमध्ये. छापताना खालून काड्यांचे टेकू द्यावे लागतात, ते तोडले की ठिपके राहतात. घासले होते. पुरेसे नसणार.
टाळू नसली की चहा नाकातून येतो. मला दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून पितो. मला काही वाटलं नाही. रुमाल दिला.

मंगळ. ४
पेणकर सरांना, म्हणजे लॅबच्या मालकांना, तुकडा दाखवला. भिंग लावून बराच वेळ बघितला. म्हणाले, रेडिएशनचा शेक दिलेली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, तिला ठिपकासुद्धा चालत नाही. टेकू लावूच नकोस. एकही नको.
एवढा वाकडातिकडा तुकडा, टेकूशिवाय? प्रिंटरमध्ये तो उलटा लोंबत तयार होतो, एकेक पापुद्रा चढत. मधेच एखादा पापुद्रा अधांतरी सुरू झाला की तुटून रेझिनच्या ट्रेमध्ये तळाला चिकटतो. सर म्हणाले, मग अधांतरी सुरू होऊ देऊ नकोस. सरांना सगळं सोपं.

गुरु. ६
जिभेकडची बाजू भरून सपाट केली, तीच थेट प्रिंटरच्या वरच्या प्लॅटफॉर्मला चिकटलेली. ती बाजू नंतर कितीही घासता येते. भोकात जाणारा फुगीर भाग त्यावर चढेल, पोकळ, झाकण वेगळं. गालाकडे फुगवटा बाहेर येतो तिथे तिरका करून बघतेय. १२ अंश. १५. अजून तीन ठिकाणी अधांतरी.
आत्याचा फोन. बाबाची बहीण, गावात उरणला आमच्या घराला लागूनच राहते. विचारत होती, दादूस बोलतो का. म्हटलं नाही. ऑपरेशननंतर थोडं बोलायचा, मग बंदच झाला. आत्या म्हणाली, घराला कुलूप बघवत नाय गो. आई गेली, बाबा इकडे, त्यामुळे कुलूपच.

शनि. ८
लॅब बंद. सर ज्यू, शनिवारी शब्बाथची सुट्टी पाळतात. डॉक्टर, गिऱ्हाइकं दर शनिवारी फोन करतात, रविवारी करत नाहीत. इतकी वर्षं झाली तरी.
दिवसभर बाबा आणि मी. सहाव्या मजल्यावरून समोरची अर्धवट इमारत दिसते. बाबा गॅलरीत बसतो पण बघत नाही कशाकडे. बांगड्याचं कालवण केलं, काटे काढून, मऊ. दोन घास. पाठ करून.
आईला जाऊन दीड वर्ष झालं. रडू आलेलं नाही. आता येईल असंही वाटत नाही.

रवि. ९
पहिलं छापून बघितलं. अर्धा फुगवटा ट्रेमध्ये. खरवडून काढला.
जेवताना सरांना सहज विचारलं, तुमची दोन्ही मुलं तिकडे इस्रायलला, तुम्ही कसे नाही गेलात. म्हणाले, दर वर्षी विचारतात, "तुम्ही येणारच ना?" याला काय विचारणं म्हणतात का. मग डबा धुवायला उठले.

मंगळ. ११
सकाळी बाबाला कप दिला, विचारलं, साखर बरी हाय ना? "हाय," म्हणाला. बऱ्याच दिवसांनी शब्द निघाला म्हणून बरं वाटलं. तर कप सरकवून दिला. चाखून बघितलं, साखर घातलीच नव्हती.
म्हणजे "नाय" म्हणाला होता.
बाथरूममध्ये जाऊन नाकातून हवा सोडत दोन्ही म्हणून बघितलं. हाय. नाय. भोक असलं की दोन्ही एकच. नुसतं आंय.

बुध. १२
हॉस्पिटलमधून सोडलं त्या दिवशी, टाळू बनायच्या आधी, मी बाबाला विचारलं होतं, आता माझ्याकडेच करंजाड्याला राहशील ना? आत्या शेजारी उभी होती. दोघींनी ऐकलं, हाय. आत्या म्हणालीही, बरा झाला, हाय बोलला.
त्यानंतर दोन-तीन दिवसांत बोलणं थांबलं. मला वाटलं दुखतंय.
मान ऑपरेशनने आखडली आहे, पण बोट हलवून सांगता आलं असतं. मी परत विचारलं नाही. आजही नाही विचारलं. आंघोळीचं पाणी काढलं, गोळ्या दिल्या, लॅबला गेले.

गुरु. १३
२२ अंश, पापुद्रे निम्मे पातळ, भिंत थोडी आतून भरली. स्क्रीनवर अधांतरी शून्य. लावलं. साडेपाच तास. मधे दोनदा प्रिंटरच्या झाकणाच्या काचेतून बघितलं, काही कळत नाही, नुसता प्लॅटफॉर्म वर-खाली.
निघाली. सबंध. धुतली, लाइटखाली पक्की केली, झाकण चिकटवलं. फुगवट्यावरून गालाची आतली बाजू फिरवली, ओठ फिरवले. कुठे काही लागत नाही. सर हातात घेऊन म्हणाले, बावीस वर्षांत असा तुकडा लॅबमधून गेला नाही. मी हो म्हटलं.

शुक्र. १४
हॉस्पिटलच्या दातांच्या डॉक्टर मॅडमचा फोन, टाळू झाली का, आज बसवू. मी म्हटलं, प्रिंट फेल गेली.
टाळू ड्रॉवरमध्ये आहे.

रवि. १६
अजून ड्रॉवरमध्ये. सरांना सांगितलं, मॅडमना वेळ नाही.
खरं लिहायचं तर, मला तो इथे हवा आहे. घरी गेलं की दारात त्याच्या चपला दिसायला हव्यात. एवढंच. तो बोलत नाही हे मला चाललं असतं, हे लिहिताना लाज वाटते, पण चाललं असतं.
संध्याकाळी पेज देताना ठसका लागला. नाकातून पेज, डोळ्यांतून पाणी, श्वास अडकला. पाठ चोळली. हाताला नुसती हाडं. मग त्याने माझा हात बाजूला केला आणि स्वतःच जमीन पुसली.

सोम. १७
नेली. मॅडमनी बसवली, वळवून, दाबून, खूण उठते का बघितलं. उठत नाही. पाणी प्यायला दिलं. पूर्ण ग्लास गेला, नाकातून थेंब नाही. मॅडम म्हणाल्या, बोला, पाणी. काका. बाबा. बाबाने तिन्ही म्हटले, घोगरे पण वेगवेगळे. मॅडमनी माझ्याकडे बघून, काय केलंत हो, असं काहीतरी म्हटलं. टेकू लावले नाहीत, म्हटलं.


बुध. १९
दोन दिवस पोटभर जेवतोय. तोंड इकडे करून. पाणी दे, पंखा कमी कर, एवढंच बोलतो. कुठे सोललेलं नाही.
मी काही विचारत नाही. तोही नाही. दोघं काही झालंच नाही असे वावरतोय.

शनि. २२
लॅब बंद. कोलीम, ती बारीक सुकी कोळंबी, भाजून दिली, भाकरी चुरून. खाऊन झाल्यावर ताट तसंच पुढ्यात ठेवून बसला होता. मी समोर बसले. या वेळी "ना" लावायचा नाही असं ठरवून विचारलं. बाबा, तुला इथं राहायचं हाय?
त्याने टाळू आधी जिभेने दाबून बघितली.
"नाय."
न अगदी स्वच्छ.
"तवाबी मी नायच बोललू. तुमी दोघी हसलाव, म्हणून गप रायलू."
रडू येईल असं वाटलं, म्हणून थोडी थांबले. आलं नाही. मग विचारलं, एकटा कसा राहशील, शेक झालेलं तोंड, औषधं, टाळू रोज धुवायची. म्हणाला, धुवीन. नंतर म्हणाला, तू येशील का.
सणाला येईन, असं तोंडावर आलं होतं, ते गिळलं. त्याने सणाचं विचारलं नव्हतं.
कॉफी घेतोस का म्हटलं. हाय म्हणाला.
आत्याला अजून फोन केलेला नाही.