काना आणि वेलांटी

२ मार्च, सोमवार

"गिटार तिकडे छत्र्यांजवळ ठेव," बाई म्हणाल्या. जसं काही त्यातून पाणी गळतंय.

बाई म्हणजे चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात त्या. पाठ ताठ, केस पांढरे, बोटं मात्र माझ्यापेक्षा दणकट. फादरनी पाठवलं होतं मला त्यांच्याकडे. रविवारच्या प्रार्थनेत, मिस्सेत, गिटारवर नवीन गाणी घ्यायची आहेत, तरुण मंडळी फिरकत नाहीत, बाईंशी जरा गोडीत बोलून घे — वगैरे. गोडीत बोललो. बाईंनी एकच विचारलं, "मिस्सेत गाणं कशासाठी असतं?" म्हटलं, लोकांना बरं वाटावं म्हणून.

"मग लग्नाच्या हॉलमध्ये वाजव," एवढंच बोलून त्यांनी ऑर्गनचं झाकण लावलं.

बरं वाटू नये म्हणून ही माणसं किती मेहनत घेतात!

३ मार्च, मंगळवार

दिवसभर पंक्चर. ट्यूब फुगवायची, टबात दाबून धरायची, बुडबुडा येईल तिथे खूण करायची. मालकाला सगळे उस्ताद म्हणतात. मेव्हण्याचा जुना ड्रमसेट त्याच्याकडे पडलाय, म्हणून आमच्या बँडमध्ये ड्रमर तोच. बँड म्हणजे आम्ही दोघं. मी त्याच्या दुकानाच्या माळ्यावर राहतो, टायरांच्या शेजारी. आता चहालासुद्धा रबराचा वास येतो. याआधी बर्फाच्या कारखान्यात होतो तेव्हा कशालाच वास यायचा नाही, नाकच बधिर. तिथला एक जण पायाच्या अंगठ्याने शिट्टी... जाऊ दे. भरकटलो.

लिहायचं होतं ते टाळतोय. ताईबद्दल.

चर्चला लागून मठ आहे, बंद मठ. तिथल्या सिस्टर बाहेर पडत नाहीत. वेदीच्या डाव्या हाताला लाकडी जाळी, जाळीमागे पडदा, पडद्यामागे बसून त्या मिस्सा ऐकतात. ताई तिथे आहे. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, माझी नखं कापली, माझ्यासाठी शाळेत जाऊन भांडली. मग एक दिवस देवाने बोलावलं म्हणे. माझी ताई गेली आणि जगाची सिस्टर झाली. मला ठेवलं काकाकडे. तिथून मी दोन वर्षांत पळालो, तेव्हापासून माझा पत्ता मलाच ठाऊक नसतो.

इथे आल्या आल्या मठाचं दार वाजवलं होतं. दारावर एक म्हातारी सिस्टर असते, बाहेरच्यांशी बोलायचं, बाहेर जायचं काम तिचं एकटीचं. "उपवासकाळात भेटी बंद असतात, बेटा. ईस्टरनंतर ये. कुणाला भेटायचंय?" मी म्हटलं, कुणाला नाही, सहज विचारलं. आणि वळलो. दारात उभा राहून मागायला मी भिकारी नाही.

भेट जाळीतून जात नसेल. गाणं जातं.

६ मार्च, शुक्रवार

गाणं तिलाच लिहिलेलं आहे. तीन वर्षं डोक्यात वाजतंय. देवाचं करायला फार कष्ट पडले नाहीत. "गेलीस"चं "गेलास", "विसरलीस"चं "विसरलास". वेलांटी काढली, काना लावला, झाला देव. व्याकरणात कायम नापास व्हायचो मी. मास्तर बघायला हवे होते.

दार ओढून तू गेलास, कडी वाजली नाही
मी जागाच होतो, तुला कळलं नाही

उस्ताद ऐकून डोळा मारतो. "कुठल्या पोरीला लिहिलंयस रे? खरं सांग. ही नवी भक्तिगीतं सगळी अशीच, नुसता पत्ता बदललेला."

हो म्हटलं. पोरीला. सोपं पडतं.

८ मार्च, रविवार

फजिती. फादर म्हणाले होते, आज अर्पणाला, वेदीवर भाकर-द्राक्षरस मांडून होईपर्यंत, एक नेहमीचं गाणं वाजवून बघा. सगळ्यांना येतं असलं घेतलं. पोरं टाळ्या द्यायला लागली, उस्ताद चेकाळला, मी कडवं परत घेतलं, परत घेतलं. मान वर केली तर फादर वेदीपाशी हात जोडून उभे. त्यांचं सगळं मांडून झालेलं, पेला भरून ठेवलेला. आमचं संपायची वाट बघत होते. लग्नात कॅमेरावाल्यासाठी नवरा-नवरी थांबतात तसे.

नंतर बाई जिन्यात भेटल्या. म्हटलं, आता बोलतील. बोलल्याच. "गाणं फादरच्या कामामागून चालतं. आज काम गाण्यामागून चाललं. आणि टाळ्या कुणासाठी होत्या रे?"

पोरांनी आपणहून दिल्या, म्हटलं.

"तेच विचारतेय. कुणासाठी?"

मी पायऱ्या आपटत खाली उतरलो. असल्या बाईच्या हाताखाली ऑर्गन शिकलेल्या मुलांची दया येते.

१० मार्च, मंगळवार

फादरच्या ऑफिसात गाण्याचा निकाल. फादर, बाई आणि मी. टेबलावर काच, काचेखाली जुन्या सहलींचे फोटो.

देवाचं दिसावं म्हणून मी मधे चार ओळी घातल्या होत्या — हृदयाचं मंदिर, तुझा प्रकाश, प्रेमाचा सागर. फादर त्यांच्यावर खूश. "हे छान. शेवट जरा उभारीचा कर, लोकांना हात वर करता येतील असा. आणि ते दार ओढून गेलास — ते काढता येईल का? देव कुठे जातो, लोक विचारतील."

दारच काढा म्हणे. घर ठेवा.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "फादर, बायबलातल्या स्तोत्रांत माणूस देवाला याहून वाईट बोलतो. दार राहू दे. हे प्रकाश, सागर काढा. खोटं आहे ते, याने कुठूनतरी उचललंय."

उचललंच होतं. बर्फाच्या कारखान्यातल्या कॅलेंडरवरून.

मग पेन्सिल फिरवत त्या म्हणाल्या, "मला हे गाणं मिस्सेत नको आहे, ते वेगळं. यात 'मी' फार आहे. मी जागा, मी एकटा, मी उंबऱ्यावर. मिस्सेत म्हणायचं तर शेजारच्याला पण म्हणता आलं पाहिजे. तो कुठल्या उंबऱ्यावर बसलाय?"

मी म्हटलं, बसला असेल त्याच्या. प्रत्येकाचा असतो.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं जिंकलो. फादर म्हणाले, बघू.

"बघू" या शब्दावर माझं अर्धं आयुष्य गेलंय. काका पण बघूच म्हणायचा.

१२ मार्च, गुरुवार

परवानगी मिळाली. अर्धीमुर्धी. उपवासकाळात म्हणे वाद्यांनीही हात आखडायचा असतो, फक्त गाणाऱ्यांना आधार द्यायचा, मधे मधे वाजवायचं नाही. बाई स्वतःसुद्धा सध्या तेवढंच वाजवतात. मला वाटत होतं म्हातारपणामुळे. पण मधला एक रविवार मोकळा असतो, त्या दिवशी फादर गुलाबी झगा घालतात. उस्ताद हसून हसून टायरवर बसला. "गुलाबी? आपले फादर?"

तो रविवार म्हणजे हा येणाराच. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी माझं गाणं. ड्रम नाही. टाळ्या नाहीत. फादर शेवटच्या माणसाला प्रसाद देऊन वळले की मी थांबायचं, कडवं कुठेही असो. आणि बाई ऑर्गनवर खालचा एक सूर धरणार. का, ते सांगितलं नाही. मला पाडायलाच असेल.

पाडू देत. जाळीपासून मी दहा पावलांवर बसणार आहे.

१४ मार्च, शनिवार

तालीम. "गेलास" नीट बसतंय. शंभरदा म्हटलं. उस्ताद म्हणतो, रात्री झोपेतही बडबडत होतास.

आवडलं तर काय करेल ती? पडदा हलवेल? हलवायला परवानगी असेल का? आणि नाही आवडलं तर बरंच. तिला लागावं म्हणूनच लिहिलंय. देवाने बोलावलं म्हणून जाता येतं, मग भावाने बोलावलं तर का नाही?

१५ मार्च, रविवार

फादर गुलाबी. कुणी हसलं नाही.

लोक रांगेत उठले. मी सुरू केलं. बाईंचा सूर खालून आला, जमिनीतून आल्यासारखा. पाडणारा नव्हता तो. त्यावर उभं राहता येत होतं. मला हे लिहायला आवडत नाहीये.

पहिलं कडवं ठीक. दुसऱ्याला मी जाळीकडे बघितलं. बघायला नको होतं. शंभरदा घोटलेलं सगळं गेलं आणि तोंडातून आलं — दार ओढून तू गेलीस. माईकमधून. भरल्या चर्चमध्ये देवाला बाई करून टाकलं. पुढच्या बाकावरच्या एकाने मान वर केली. परत ओळ आली तेव्हा सुधारता आलं असतं. नाही सुधारलं. विसरलीस. गेलीस. म्हटलं, आता होऊनच जाऊ दे.

जाळीमागे कुणीतरी खोकललं. एकदाच.

फादर वळले. मी थांबलो, कडव्याच्या मधेच.

बाहेर एक आजीबाई माझा हात धरून म्हणाल्या, "मरियामातेचं गाणं फार सुरेख हो. मुलाला सोडून गेली, मुलगा अजून जागाच आहे." फादरनी लगेच उचलून धरलं. "बघ, लोकांना मातेचं वाटलं. वेलांटीच ठेव! मे महिना मातेचाच, तेव्हा परत घेऊ." म्हणजे कुणालाही म्हटलं तरी चालतं यांना. फक्त पत्ता हवा, आणि तो चर्चमधलाच हवा.

बाई चष्मा पुसत होत्या. जाताना गिटार त्यांनीच उचलून माझ्या हातात दिली.

१६ मार्च, सोमवार

खोकला तिचाच. मी ओळखतो. रडू आवरायचं असलं की ती असंच खोकायची. बरं झालं. लागलं तिला.

१७ मार्च, मंगळवार

दारावरची सिस्टर दुपारी चालत दुकानात आली. "ते 'गेलीस' कुणाला होतं, बेटा?" मी सांगितलं. ती टायरवर टेकली. ताई मठात नाही. दोन वर्षांपूर्वीच सोडला. काकाकडून कळलं होतं तिला, भाऊ पळालाय, कुठे आहे ठाऊक नाही. तो सापडेपर्यंत माझ्याच्याने प्रार्थना होत नाही, म्हणाली, आणि निघाली. अजून शोधतेय.

आणि मी भरल्या चर्चमध्ये तिला विचारलं, तू का गेलीस.