अकरा ठिकाणं आणि वराळ्याचे पाहुणे

तीर्थस्वरूप रखमाजीमामा यांना औंढ्याहून भाचा निलेश याचा साष्टांग दंडवत.

वडिवळ्याची भातलावणी उरकली असेल, मामींची कंबर आणि तुमचे गुडघे ठीक असतील, अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (आईचं सोडून. ती गेले चार दिवस माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे तिची तब्येत कशी आहे ते कळायला मार्ग नाही.) फोन न करता पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. एक तर तुमच्याकडे धरणाच्या बाजूला रेंज नसते. दुसरं म्हणजे फोनवर तुम्ही मधेच बोलता. पत्रात माणसाला आपली बाजू सलग मांडता येते.

विषय माझ्या धाकट्या बहिणीच्या, आपल्या राजेश्वरीच्या स्थळाचा आहे. वराळ्याचं स्थळ, मुलगा सार्थक, कंपनीत पर्मनंट, निर्व्यसनी आणि आपल्या पोरीलाही पसंत. (हे तिनं सांगितलेलं नाही. पण त्याचा फोटो आल्यापासून सलग तीन दिवस ती माझ्याशी भांडली नाही, त्यावरून मी ओळखलं.) असं स्थळ हातचं जाऊ नये म्हणून गेल्या रविवारच्या बघण्याच्या कार्यक्रमाला मी कशातच कमी पडू दिलं नव्हतं. फक्त मुलाचे वडील तीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला होते, ही गोष्ट मध्यस्थानं मला आधी सांगायला हवी होती. म्हणजे पुढच्या प्रकाराला खरा जबाबदार मध्यस्थ आहे.

आता गाडीकडे येतो. तीन वर्षांपूर्वी गुडघे गेले म्हणून तुम्ही तुमची जीप माझ्या हवाली केलीत, तेव्हा किल्लीबरोबर ग्रीस गनही दिलीत आणि बजावलंत, "लेका, अमावस्येला लिंबू-मिरची बांधायला तू काय इसरनार न्हाईस. त्याच दिशी अकरा ठिकानी ग्रीस मारायचं. न्हाई मारलंस तर गाडी नड बघून दगा देती." देवाशपथ सांगतो मामा, या तीन वर्षांत मी एकही अमावस्या चुकवली नाही. लिंबू-मिरची नवी, नारळ नवा आणि पहिल्या अमावस्येला तर मी स्वतः गाडीखाली झोपून तुमची ती अकरा ठिकाणं शोधून काढली. शाफ्टचे जॉइंट, पाट्यांचे शॅकल, पुढच्या चाकांजवळची ती दोन अवघड ठिकाणं, सगळी. पण ग्रीस गन हातात घेतली आणि समोर नवा पांढरा शर्ट दिसला. (माझाच. अंगावर होता.) मग म्हटलं, ठिकाणं तर सापडलीत, तूर्त यांना हळद-कुंकू वाहू, ग्रीसचं पुढच्या अमावस्येला बघू. पुढच्या अमावस्येलाही शर्ट पांढराच होता. तेव्हा तुम्ही दर महिन्याला विचारायचात, "अकरा ठिकानं झाली का रं?" आणि मी "झाली" म्हणायचो, त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या अकरा ठिकाणांकडे मी दुर्लक्ष केलं असं कोणी म्हणू नये. त्यांची पूजा झालेली आहे.

बाकी गाडीची हौस मी कशी केली ते सगळा तालुका जाणतो. पुढे दिव्यांची लांबलचक पट्टी, मागे वाघाचं चित्र, सीटला लाल रेक्झिन आणि वरपर्यंत नेलेला काळा पाइप. (तो पाइप कशालाच जोडलेला नाही, पण पाण्यात जाणाऱ्या गाडीला असा पाइप असतो.) आठवड्यातून दोनदा खालून-वरून प्रेशरनं धुणं. आता वराळ्याचे पाहुणे म्हणतात की त्या प्रेशरच्या पाण्यानं तुमच्या काळातलं उरलंसुरलं ग्रीसही धुऊन निघालं. असेल. पण लोणावळ्यात शनिवार-रविवारी मुंबईची माणसं या गाडीबरोबर फोटो काढतात, ग्रीसबरोबर कोणी काढत नाही.

पाहुणे येणार म्हणून मी गाडीला रंगही मारून घेतला. रंगारी इतका प्रामाणिक की त्यानं चकचकीत काळ्या रंगानं खालचं सगळं मढवून टाकलं, ती अकरा ठिकाणं धरून. मागच्या दोन चाकांच्या मधे तेलानं भरलेला जो लोखंडी गोळा असतो, त्याच्यावरची छोटी टोपीसुद्धा त्यानं बुजवली. मला ते फार नीटनेटकं वाटलं. त्या टोपीतून गोळा श्वास घेतो आणि ती बुजली की आतलं तेल चाकांच्या बाजूनं बाहेर येतं, हे मला रविवारी समजलं. लोखंडाला श्वास लागतो, हे शाळेत कोणी शिकवलं नाही.

पाहुणे त्यांच्या गाडीनं फाट्यापर्यंत आले. आपला शेवटचा रस्ता तुम्हाला माहीत आहे, श्रावणात तो रस्ता राहत नाही, खाचर होतो. सरळ बांधावरून चालत आणलं असतं तर दहा मिनिटांचं काम. पण माझ्या दारात फोर-व्हील-ड्राइव्ह असताना पाहुण्यांनी चपला हातात घ्याव्यात? मी सार्थक, त्याचे आई-वडील आणि मावशी अशा चौघांना जीपमध्ये बसवलं आणि निघालो. चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी हसून म्हटलं, आता बघा गंमत, आणि पुढच्या चाकांनाही जोर देणारा दांडा ओढला. दांडा हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला, सीटवर पाय देऊन ओढला, तेव्हा दांड्यावरची गोल मूठ हातात आली. सार्थकच्या वडिलांनी शांतपणे विचारलं की हा दांडा शेवटचा कधी टाकला होता. मी अभिमानानं सांगितलं, तीन वर्षांत एकदाही नाही, डिझेल जास्त खातो म्हणून अडीअडचणीला राखून ठेवलाय. त्यावर ते म्हणाले, निदान खाली उतरून पुढच्या चाकांचे हब तरी हातानं फिरवून जोडलेत का, त्याशिवाय ती चाकं ओढत नाहीत? मी म्हटलं, चाकं जोडलेलीच आहेत की, चार दिसतायत. 

मग ते पँट दुमडून उतरले, वाकून खाली बघितलं, बोटानं रंग खरवडला आणि त्यातून निघालेलं कुंकू बोटावर घेऊन माझ्यासमोर धरलं. हे काय, असं त्यांनी विचारलं. मामा, त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर राजेश्वरीचा चेहरा आला. तीन दिवस न भांडलेला चेहरा. ज्या घरात गाडीची ही गत, त्या घरचं वळण काय असणार, असं त्यांच्या मनात यायच्या आत काहीतरी बोलणं भाग होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की गाडी माझी नाही, मामांची आहे. (आर.सी. बुकावर अजून तुमचंच नाव आहे, म्हणजे कायद्यानं बघितलं तर मी खरंच बोललो.) एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण ते सहानुभूतीनं ऐकत होते, आणि कोणी सहानुभूतीनं ऐकलं की माझं असं होतं. मामा गाडीकडे ढुंकून बघत नाहीत, ग्रीस म्हटलं की अंगावर येतात, पण वडीलधाऱ्यांना कोण शिकवणार, असं मी म्हणालो. ते म्हणाले, मी शिकवतो.

नंतर पाहुणे चालत घरी आले, पोहे खाल्ले, राजेश्वरीशी बोलले, आणि रविवारी कळवतो म्हणून गेले. जीप अजून चढावरच आहे. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
निलेश

ता. क. – येत्या रविवारी सकाळी सार्थकचे वडील तुमच्याकडे वडिवळ्याला येणार आहेत, मीही बरोबर असेन. बावीस वर्षं तुम्ही त्या गाडीचा एक स्क्रू ढिला होऊ दिला नाहीत हे मला ठाऊक आहे. पण ते ग्रीसवर जे काही बोलतील ते मान खाली घालून ऐकावं आणि शेवटी "चुकलं पाव्हनं" एवढं म्हणावं. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

ता. क. २ – दुकानं, गॅरेज, मेकॅनिक यांचा विषय निघाला तर तुम्ही बोलू नका. तुम्हाला गाडीतलं सगळं येतं हे लगेच कळतं.

(याखालचं दादाला माहीत नाही.)

मामा, मी राजेश्वरी. कामशेतला जाताना पाकीट टाकायला दादानं माझ्याकडे दिलंय. चिकटवलेलं नव्हतं, म्हणून वाचलं. पोहे देताना सार्थकच्या वडिलांनी मला विचारलं, तुझे मामा गाडीकडे खरंच बघत नाहीत का गं? मी सगळं खरं सांगून टाकलं. म्हटलं, लग्न मोडलं तर मोडू दे, पण माझ्या मामाला कोणी नावं ठेवायची नाहीत. ते खूप हसले, आणि जाताना आईच्या हातात होकाराचा नारळ देऊन गेले. माझं ठरलंय. ते दादाला मुद्दाम सांगितलेलं नाही.

रविवारी तुम्ही दादानं लिहिलंय तस्सं वागा. ते तुम्हाला वाट्टेल ते बोलतील, तुम्ही मान खाली घालून ऐकायचं. दादा तुम्हाला किती वेळ बोलणी खाऊ देतो, तेवढंच त्यांना बघायचंय. माझा बघण्याचा कार्यक्रम झाला मामा, रविवारी दादाचा आहे.