बांधलेला डावा हात

तेलगाव, १८ जानेवारी. संध्याकाळ.

आज जेवताना यांचा डावा हात पंच्याने बांधला. अर्धांगवायूनंतर उजवा जेमतेम उचलला जातो, आणि डावा मोकळा असला की उजव्याला कामच उरत नाही. बांधा असं डॉक्टर म्हणतात, आमची लेक नीताही म्हणते. ती प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशींवरच काम करते. तिने फोनवर समजावलं, हात वापरला की पेशीला बाहेरून निरोप मिळतो, आत तो एका रेणूकडून दुसऱ्याकडे जातो आणि मग पेशीची फांदी वाढते. इथवर कळलं. पण एकाच निरोपाने एक फांदी जवळ येते आणि दुसरी लांब पळते, हेही तीच म्हणाली. मग मी देतेय तो निरोप कुठला?

थोरल्या जाऊबाईंनी पंचा पाहिला. "काऊन बांधलंस गं? चोर हाय का त्यो? भरव की दोन घास, तुजा हात काय झिजतोय?"

मिशनच्या शाळेत सिस्टरने माझाही डावा हात रिबिनीने बांधला होता, उजव्याने लिहावं म्हणून. अक्षर सुंदर आलं. डाव्याचं काय झालं, कोण जाणे.

यांनी उजव्याने वरणभात तोंडाशी नेला. सगळा सांडला. माझ्याकडे बघितलंच नाही. सोडावा का पंचा? की नेमकी आत्ताच आत एखादी फांदी फुटत असेल?

शेवटी गाठ सोडली नाही, भरवलंही नाही. यांच्या उजव्या हाताखाली माझा तळवा धरला आणि घास दोघांनी मिळून नेला. नीताला हे सांगणार नाही. चूक म्हणाली, तर उद्या माझा हात काढून घ्यावा लागेल.