धनेशाचं तेल

शेंडी, ता. अकोले
४ मे १९७१

प्रिय शलमोन,

तुझं कार्ड मिळालं. 'मुलगी झाल्याचे समजले. कारखान्यात गडबड आहे. सवडीने येतो.' तीन वाक्यं! त्यात ना बायकोची, मरियाची चौकशी, ना लेकराची. उसाचं गाळप संपून तीन आठवडे झाले, हे तुमच्या देवळालीहून येणारा प्रत्येक माणूस मला सांगतो. तेव्हा गडबडीच्या गोष्टी दुसऱ्या कुणाला सांग. शाळा चुकवायला तुझं पोट दुखायचं, तेही मीच ओळखायची.

मरियाला आई नाही, म्हणून तिचं बाळंतपण मी माझ्याकडे केलं. त्याचं मला ओझं नाही. शाळा सुटली की शेक-शेगडी, लेकराची अंघोळ, सगळं सात आठवडे करते आहे. पण एक घोडचूक केली, ती आज लिहिते. मरियाची कंबर फार धरली होती. आपली आई बाळंतिणींना धनेशाचं तेल चोळायची, आठवतं? रानात फिरणाऱ्या भिमाजीला मी म्हटलं, मिळालं तर आण. त्यासाठी पक्षी मारावा लागतो हे मला ठाऊक होतं. कुठला मारशील, एवढं विचारलं नाही.

माझ्या खिडकीसमोर, शाळेमागच्या आंब्याच्या ढोलीत धनेशाची मादी बसली होती. मरिया खाटेवरून दिवसभर तेच बघायची. ही मादी ढोलीत शिरली की तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसं गळतात, मग उडताही येत नाही. तिची भूक, पिल्लांची भूक, सगळं नराच्या भरवशावर. तो घशात उंबरं भरून आणायचा आणि फटीतून एकेक तिच्या चोचीत द्यायचा. एका खेपेला एकवीस, मरियानं मोजली होती. साऱ्या बाळंतपणात ती हसली ती तेवढीच.

भिमाजीनं बाटली आणली, मी कौतुकानं तेल चोळायला बसले. मरिया म्हणाली, "अक्का, तो कालपासून आला नाही." कावळा जरी उडाला तरी फटीतून चोच बाहेर येत होती. माझ्या हातांना त्या तेलाचा वास. मला स्वतःचीच शिसारी आली.

भिमाजीला बोलावून मी नाही नाही ते बोलले. तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, मला काय ठावं त्याची मादी कोंडलेली हाय म्हून? दिसला, पाडला." मग स्वतःच शिडी घेऊन आला. काठीचं टोक चिरून त्यात उंबर अडकवलं आणि फटीशी धरलं. पहिल्या दिवशी तिनं चोच आत ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी घेतलं. आता तो दिवसातून पाच-सहा वेळा चढतो. पन्नाशीचा माणूस, गुडघे धरलेले. एखादी खेप राहू दे म्हटलं, तर म्हणतो, "न्हाई बाई, म्याच केलंय, म्याच निस्तरतो." काल आतून पिल्लाचा आवाज आला, तेव्हा शिडीवरच रडला.

आणि तू? मुलगी झाली म्हणून तोंड फिरवलंस, मी सरळच लिहिते. मीही मुलगीच होते. आई गेल्यावर तुला याच हातांनी भरवलं, तेव्हा तुझ्या घशात घास अडकला नाही. लाज वाटते मला तुझी.

हे पत्र लिहू नका, असं मरियानं बजावलं होतं. तुझं कार्ड तिनं वाचलं आणि उशाखाली ठेवलं. पण काल उंबरं निवडताना तिनं विचारलं, "अक्का, पिसं आली की ती आपली आपण लिंपण फोडून जाते ना?" मी हो म्हटलं. आज सकाळी तिनं शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज लिहिला. पत्ता माझा घातला, तुझा नाही. रविवारी बाप्तिस्मा आहे. संगमनेरहून पाद्रीसाहेब येतील आणि बाप कुठं आहे म्हणून विचारतील. शनिवारच्या एस.टी.नं ये. तो धनेश आला नाही, कारण तो मेला होता. तुला काय झालंय?

अजून तरी तुझीच,
रेबेका अक्का