तिसऱ्या खिडकीखालचा अंगठा

बुधवार, तुंगार्ली

खरवडायचं पातं खेळण्यातल्या डब्याच्या तिसऱ्या खिडकीखाली आलं आणि लाल रंगाखालून पुन्हा तोच अंगठ्याचा ठसा निघाला. कुंकवाचा, मधोमध तिरकी रेघ असलेला. हा तिसरा थर. प्रत्येक थराखाली, त्याच जागी.

टाकव्याच्या हिराबाई मावशींच्या यजमानांनी जुन्या पत्र्यातून हा आगगाडीचा हातभर डबा घडवला. ते वारले. मावशींना तो पहिल्या दिवसासारखा नवा हवा आहे, म्हणून माझ्याकडे रंगवायला दिला. राहवलं नाही, मावशींना फोन केला.

“ह्यांचाच अंगठा, ताई. दर दसऱ्याला नवा रंग द्यायचे, मग कुंकू लावायचे. पत्र्यानं कापलं व्हतं, त्याची रेघ. मी म्हणायची, बायकोचं न्हाई एवढं कौतुक डब्याचं!”

“नवा करायचा तर हे सगळे ठसे खरवडावे लागतील.”

मावशी म्हणाल्या, “माणूसच न्हाई, ठशाचं काय करू? करा नवा.”

खरवडलंच शेवटी, उघडा पत्रा लागेपर्यंत. स्पिरिटने पुसला, खोलीला कुलूप लावलं. बरोबर केलं का? डबा त्यांचा, निर्णय त्यांचा. पण ती रेघ? आता ती कुठेच नाही, आणि घालवली मी.

गुरुवार. सकाळी कुलूप उघडलं. उघड्या पत्र्यावर, तिसऱ्या खिडकीखाली, अंगठा होता. तिरकी रेघ होती, कुंकू ओलं होतं. मी माझे दोन्ही अंगठे पाहिले; ना कुंकू, ना रेघ. नवा रंग तसाच कपाटात ठेवला आणि मावशींना बोलावून घेतलं.