मास्क कुठे असतो

सर, तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की तुमच्याबद्दल वाईट बोलायला हरकत नसावी. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण असं म्हणणारे तुमच्या घाटकोपरच्या घरी विमान चालवायला शिकले नव्हते. काय होतं तिथे? स्वयंपाकघरातून आणलेल्या दोन खुर्च्या, भिंतीवर चिकटवलेलं एका जुन्या विमानाच्या कॉकपिटचं चित्र आणि खांद्याच्या वर, मागच्या बाजूला खिळ्याला टांगलेली तुमची माकडटोपी. ती टोपी म्हणजे ऑक्सिजनचा मास्क. धूर झाला की डोळे मिटून हात वर, टोपी ओढायची, तोंडाला लावायची, मग पुढचं सगळं. झोपेतसुद्धा माझा हात वर जायचा. आई म्हणायची, "काय गं, पंखा पकडतेस काय?" खिडकीवरून खरी विमानं उतरायची, मांडणीतली भांडी थरथरायची. "ऐका, इफेक्ट फुकट आहे," तुम्ही म्हणायचात. यंत्र खोटं चालतं, भीती खरी लागते, हे तुमचं लाडकं वाक्य. भीतीच्या बाबतीत तुम्ही कधी काटकसर केली नाहीत.

माझ्या शेजारच्या खुर्चीत मुलुंडचा एक मुलगा बसायचा. आमच्यात सगळ्यात हुशार तोच. त्याने एकदा विचारलं, "सर, नव्या विमानात मास्क खाली असतो ना, बाजूच्या खणात? मग आपण वर कशाला शिकतोय?" तुम्ही म्हणालात, "खाली असो नाहीतर तुझ्या आजोळी असो, हात घाबरता कामा नये." मग तुम्ही आत जाऊन काकूंना तव्यावर सुक्या मिरच्या टाकायला सांगितल्यात, पंखा बंद केलात, खिडक्या लावल्यात. "अहो, पोरं आहेत, पुरे आता," काकू आतून म्हणत होत्या. ठसक्याने जीव घुसमटला तरी मी टोपी ओढली. तो मात्र उठून दाराकडे धावला. दाराला तुम्ही आधीच कुलूप घातलं होतं.

त्याचा खोकला थांबल्यावर तुम्ही त्याच्या हातात फोन दिलात. "तू दार शोधलंस, तुझे प्रवासी मेले. आता एकेकाच्या घरी कळव." त्याला थट्टा वाटली, तो हसला. तेव्हा तुम्ही लहान मुलाचा आवाज काढलात, "हॅलो काका, पप्पा कधी येणार?" त्याला उत्तर द्यायला लावलंत. मग तुम्ही कुणाची म्हातारी आई झालात, मग कुणाची बायको. नकला तुम्हाला छान यायच्या. शेवटी तो रडत म्हणाला, "सर, प्लीज, नाही जमत." तुम्ही म्हणालात, "मग रिक्षा चालव. तिच्यात धूर आपोआप बाहेर जातो." सगळा वर्ग हसला. तो पुन्हा आला नाही. त्याचं मुलुंडला पाण्याच्या फिल्टरचं दुकान आहे. विमानात तो प्रवासी म्हणूनही बसत नाही.

मी टिकले. आणि जो टिकतो त्याला वाटतंच की मार कामी आला. तुमच्या बाजूने मी लोकांशी भांडलेय. मग एकदा खरोखरच कॉकपिटमध्ये जळका वास आला आणि पाठोपाठ धूर. विमान नवं होतं. कंपनीच्या सिम्युलेटरवर मास्क खालून काढायला मी रीतसर शिकले होते, पासही झाले होते. पण घाबरल्यावर माझा हात वर गेला, खांद्यामागे, तुमच्या खिळ्याकडे. तिथे काहीच नव्हतं. मी हवेत चाचपडत राहिले. शेजारचा ज्युनियर पायलट मास्क लावून ओरडत होता, "मॅडम, खाली, खाली." विमान त्यानेच उतरवलं. कुणाला काही झालं नाही. खुर्ची लाकडाची चालली असती सर, चित्र कागदाचं चाललं असतं, टोपीसुद्धा चालली असती. फक्त तिची जागा खरी हवी होती. एक खिळा खाली ठोकायचा होता. त्या पोराने तुम्हाला तेवढंच सांगितलं होतं, आणि तुम्ही त्याचं आयुष्य मोडलंत.

हल्ली मी अंधेरीत सिम्युलेटरवर शिकवते. तो हलतो, धूरही सोडतो, पण त्या धुराने घसा खवखवत नाही. मास्क मात्र जिथे असायला हवा तिथेच असतो, बोटभरही इकडेतिकडे नाही. परवा एक मुलगी गोंधळली, मास्कचा पट्टा तिच्या कानाला अडकला. स्वतःलाच हसत म्हणाली, "वाट लागली, मॅडम. परत करू ना?" परत केलं. दुसऱ्या खेपेला तिचा हात सरळ खाली गेला, पुढचं सगळं बिनचूक. "झकास," मी म्हणाले आणि सही केली. ती मैत्रिणीबरोबर कॉफी प्यायला गेली.

मी तिथेच बसून राहिले. मला आनंद व्हायला हवा होता. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच सांगते सर: ती हसत हसत शिकली याचा मला इतका राग आला, की तिने एकदा तरी रडावं असं वाटत राहिलं.