स्क्रीनमागचा उजेड

३ फेब्रुवारी
महेश्वरी चार दिवस बोलत नाही. पाहुण्यांसमोर तिच्या मराठीची नक्कल केली मी — सगळे हसले, सगळ्यात मोठ्यानं मीच. माहेर कर्नाटकातल्या इंडीचं, शाळा कन्नडमधून, चुका होणारच की! गंमत केली. तिला लागली.
तिचा जुना लॅपटॉप लई अंधुक झालाय. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून वाचते. तेवढा दुरुस्त करून देतो, म्हणजे राग जाईल.

५ फेब्रुवारी
ती शिवणक्लासला गेल्यावर स्क्रीन खोलली. स्क्रीनमागं उजेड देणारी नळी गेलीय. काडीएवढी काचेची — लालसर पेटते आणि विझते. काढताना मोडली! कारखान्यात मोठाल्या मोटारी खोलतो, इथं एवढीशी नळी सांभाळता आली नाही.

६ फेब्रुवारी
भंगारातल्या स्क्रीनची नळी बसवली. लख्ख!
आणि समोर तिनं लिहिलेलं. चार पानं, कन्नडमध्ये. घरी आम्ही कन्नडच बोलतो, पण शिकलो मराठीत — एक अक्षर वाचता येत नाही. एवढं काय लिहिते ही? फोटो काढला. काढायला नको होता.

७ फेब्रुवारी
कारखान्यातला सिद्धप्पा अक्कलकोटचा, त्याला कन्नड वाचता येतं. जेवणाच्या सुट्टीत फोटो दाखवला. बहिणीला पत्र होतं. तो वाचायला लागला — 'अक्का, घरात मी शहाणी. चार माणसांत तोंड उघडलं की येडी. आधी नवराच हसतो. तुमच्या इंडीच्या शाळेत शिकवायची जागा आहे म्हणालीस —'
सिद्धप्पा थांबला. "फुडचं मी वाचनार न्हाय, विरेश. वहिनींचं हाय हे." डबा उचलून दुसऱ्या बाकावर गेला.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोच्या मनातलं परक्याकडून वाचून घेतलं! स्वतःची भाषा वाचता येत नाही आणि नक्कल करतो तिची!

९ फेब्रुवारी
तिनं लॅपटॉप लावला. उजेडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तुम्ही केलंत का, विचारलं. हो म्हणालो. बाकीचं सांगायला जीभ रेटेना.
जाणार का ही? विचारायचं कुठल्या तोंडानं?

११ फेब्रुवारी
सिद्धप्पा नजरेला नजर देत नाही.

१२ फेब्रुवारी
आज सांगायचंच होतं. चहा झाला, जेवण झालं. नाही सांगितलं. भित्रा आहे मी, दुसरं काय!

१३ फेब्रुवारी
तुमचा वही टेबलावर होता. मी वाचला. सोमवारी इंडीच्या शाळेला लागते, ते ठरला आहे. पण सिद्धप्पांनी अर्धी सोडलेली पत्र परक्याच्या तोंडून ऐकू नका. जायच्या आधी मीच वाचून दाखवते. बसाल ना?
— महेश्वरी